ॲक्टिव्ह बेस घेण्यापूर्वी: बॅटरीपेक्षा नॉबची चिंता करावी

आपण ऑर्केस्ट्रात पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) जॅझ बेस, म्हणजे बेस गिटारचा एक प्रकार, वाजवता आणि आता पाच तारांचा ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असलेला) बेस घ्यावा का, तसेच कार्यक्रम ऐन रंगात असताना बॅटरी संपली तर काय करावे, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो.

बहुतेक प्रीॲम्प (ॲम्पकडे जाण्यापूर्वी बेसचा सिग्नल सावरणारी आणि स्वर कमी-जास्त करणारी छोटी सर्किटे) एक मिलिॲम्पिअरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वीज घेतात आणि चांगल्या 9 व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण 500 मिलिॲम्पिअर-तास असते. म्हणजे नवी बॅटरी शेकडो तास पुरते. ती लवकर संपते ती वाजवल्यामुळे नव्हे, तर केबल लावून ठेवल्यामुळे. ॲक्टिव्ह बेसचा जॅक सहसा स्टिरिओ असतो आणि त्यात साधी मोनो पिन घातली की बॅटरीचे सर्किट पूर्ण होते, त्यामुळे जॅक हाच तिचा स्विच असतो. ध्वनितपासणीनंतर बेस स्टँडवर ठेवून चहाला जाताना केबल काढावी, आवाज शून्यावर आणून उपयोग नाही. याच रचनेमुळे घाईत कोणी स्टिरिओ केबल हाती दिली, तर बहुतेक बेसचा प्रीॲम्प सुरूच होत नाही आणि बिचाऱ्या बॅटरीवर आळ येतो. बॅटरी उतरू लागली की जोरात मारलेला स्वर आधी फाटतो, मग आवाज खाली येतो. हंगामापूर्वी बॅटरी बदलावी, एक सुटी जवळ ठेवावी आणि घेताना बेसवर प्रीॲम्प वगळणारा पॅसिव्हचा स्विच आहे ना, हे पाहावे. पिकअपच (तारांचे कंपन टिपणारे भागच) ॲक्टिव्ह असतील, जसे ईएमजी कंपनीचे असतात, तर मात्र बॅटरीशिवाय आवाज येत नाही. तिथे हा स्विच नसतोच.

खरा प्रश्न बेसवरच्या नॉबचा आहे. 1951 च्या प्रिसिजन बेसवर आवाज आणि टोन एवढेच नॉब होते, आणि तो टोन तीव्र स्वर फक्त कमी करू शकत असे. लिओ फेंडर यांचा हात असलेला म्युझिक मॅनचा स्टिंगरे 1976 मध्ये आला आणि बेसच्या अंगावरच स्वर वाढवण्याची सोय सर्वसामान्य वादकापर्यंत पोहोचली. ही सोय घरी फार गोड वाटते. लहान खोलीत, लहान ॲम्पवर, एकटे वाजवताना खर्जाचा नॉब थोडा फिरवला की बेस भारदस्त होतो; तीच जागा ठेवून आपण मांडवात गेलात की गोंधळ सुरू होतो. 6 डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यात व्होल्टेज दुप्पट आणि ॲम्पकडून मागितलेली शक्ती चौपट. पाचवी तार, म्हणजे खालचा बी, सुमारे 31 हर्ट्झचा आहे, तर आपली सध्याची जाड ई तार 41 हर्ट्झची. इतक्या खालचे स्वर वाढवले की 9 व्होल्टच्या सर्किटची मर्यादा आधी येते, मग ॲम्पची, आणि साउंडवाला त्याच्या टेबलावर तोच पट्टा कापून टाकतो. ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि ढोलकीची धुम हे सगळे त्याच तळघरात दाटीने राहतात.

म्हणून सर्व नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करावी. बेस ऐकू येत नाही असे वाटले, तर खर्ज वाढवण्याऐवजी तो किंचित कमी करून मधला, म्हणजे मधल्या स्वरांचा, नॉब थोडा चढवावा. स्वर कोणता वाजला हे कानाला कळते ते साधारण 500 ते 800 हर्ट्झच्या आसपास. माझ्या मते मधला नॉब नसलेला ॲक्टिव्ह बेस ऑर्केस्ट्रासाठी घेऊच नये. दोन बॅटऱ्यांची 18 व्होल्टची सोय असल्यास चांगले, पण तिने आवाज मोठा होत नाही, जोरात वाजवल्यावर तो फाटण्याआधीची मोकळीक वाढते. ॲम्पवर ॲक्टिव्हसाठी वेगळे इनपुट किंवा बटण असेल आणि सिग्नल फाटत असेल, तरच ते वापरावे.

एक फायदा मात्र निर्विवाद आहे. प्रीॲम्पमधून निघणारा सिग्नल कमी इम्पीडन्सचा (विद्युत अवरोधाचा) असल्यामुळे लांब केबलमध्ये तीव्र स्वर फारसे मरत नाहीत आणि साउंडवाल्याकडचा साधा पॅसिव्ह डीआय बॉक्सही (बेसचा सिग्नल साउंडवाल्याच्या टेबलाला जोडणारी पेटी) चालून जातो. जनरेटरवरच्या मांडवातील हमिंग मात्र ॲक्टिव्ह बेसने जात नाही. ते अर्थिंगचे दुखणे आहे. त्यासाठी डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलमधली अर्थची जोडणी तोडणारा स्विच) वापरावा. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू देऊ नये, कारण तार हाताशी आणि माइक ओठाशी असताना बसणारा धक्का जिवावर बेतू शकतो.

जुना बेस घेणार असाल, तर बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा. बॅटरी गळून संपर्कांवर हिरवट-पांढरा थर आला असेल, तर दमट हवेत तो पुढे सर्किटपर्यंत गेलेला असण्याची शक्यता असते. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर ऐकावी आणि जॅकमधली पिन हलवून आवाज तुटतो का, तेही पाहावे.

आपल्याला खालच्या बीची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवावे. गायिकेच्या सोयीसाठी पट्टी बदलून डी किंवा सी पट्टीत गाणी वारंवार होत असतील, तर पाच तारांचा बेस घ्यावा. नसेल, तर मधल्या स्वरांचा नॉब आणि डीआय आउटपुट असलेला प्रीॲम्प पेडल आपल्या जॅझ बेसला जोडून हा हंगाम काढावा. खर्च कमी येईल, आणि पेडल बंद पडला तर केबल थेट ॲम्पला लावून कार्यक्रम पुढे नेता येईल.