वर्ग लावायचा तो कशाच्या आधारे?

प्रश्न : आमच्या विकीवर ज्वालामुखींच्या नोंदी आहेत. एका संपादकाने त्यांतल्या काहींना 'धोकादायक ज्वालामुखी' हा वर्ग (एकाच प्रकारच्या नोंदी एकत्र दाखवणारी खूण) लावला. दुसऱ्याने 'हे तुमचं मत झालं' म्हणून तो काढला. तेव्हापासून लावणं-काढणं सुरूच आहे. तोडगा काय?

उत्तर : ज्वालामुखी धोकादायक असतात हे दोघांनाही मान्य असणार. भांडण आहे ते रेघ कुठे ओढायची यावरून, आणि 'धोकादायक' या शब्दात तशी रेघ नाही. लेखाच्या मजकुरात हे निभावून जातं. 'अमुक संस्थेच्या मते' असं लिहिता येतं, संदर्भ जोडता येतो, विरुद्ध मतही मांडता येतं. वर्गाला यातलं काहीच जमत नाही. नोंद वर्गात असते किंवा नसते. कोणाचं मत, कशावरून, हे सांगायला तिथे जागाच नाही. म्हणून मजकुरात चालणारं विशेषण वर्गाच्या नावात चालत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आकडा. उद्रेकाची तीव्रता ० ते ८ या व्हीईआय (ज्वालामुखी स्फोटकता निर्देशांक) मोजपट्टीवर मोजतात, तर ५ च्या वरचे सगळे धोकादायक धरा, असं कोणीतरी म्हणतं. कृपया हे करू नका. १९८५ साली कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा उद्रेक या पट्टीवर फक्त ३ होता. पण शिखरावरचं बर्फ वितळून चिखलाचे लोंढे आले, आर्मेरो शहर गाडलं गेलं आणि सुमारे २३,००० माणसं दगावली. ही पट्टी मुख्यतः बाहेर फेकल्या गेलेल्या राखेचं आणि खडकांचं आकारमान मोजते. खाली कोण राहतं, हे तिला कळत नाही. आकडा वस्तुनिष्ठ असला, तरी ज्या शब्दाला तो चिकटवला तो व्यक्तिनिष्ठच राहतो.

जे मोजलं तेच नावात लिहा : 'व्हीईआय ६ किंवा अधिक तीव्रतेचा उद्रेक झालेले ज्वालामुखी'. तांबोरा (१८१५, ७), क्राकाटोआ (१८८३, ६) आणि पिनातुबो (१९९१, ६) यांत विनावाद बसतात. धोक्यासाठी वेगळा यादी-लेख करा. त्यात वर्ष, मृत्यू, मृत्यूंचं कारण आणि संदर्भ असे रकाने ठेवा. रुइझला तिथे न्याय मिळेल.

एक प्रकार मधला आहे. ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विशेष अभ्यासासाठी १६ 'डिकेड व्होल्कॅनो' निवडले. ही निवड माणसांच्या निर्णयाची, पण अमुक ज्वालामुखी त्या यादीत आहे ही वस्तुस्थिती तपासता येते. असा वर्ग निःशंक ठेवा.

नवा वर्ग लावण्याआधी त्याच्या पानावर निकष दोन ओळींत लिहा. मग काठावरच्या दहा नोंदी निवडून दोन संपादकांनी एकमेकांना न विचारता त्या तपासाव्यात. उत्तरं जुळली नाहीत तर दोष निकषाचा. तो सुधारून पुन्हा तपासा. चर्चापानावर निर्णय होईपर्यंत वादाच्या आधीची स्थिती राहू द्या. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर सदस्यावर बंदी येऊ शकते. लहान विकीनेही असा नियम आधीच लिहून ठेवावा.

प्रश्न : '८,००० मीटरहून उंच शिखरे' हा वर्ग चालतो, मग '७,३०० मीटरहून उंच' का नाही?

उत्तर : आठ हजारांची रेघ विकीने ओढलेली नाही. त्या १४ शिखरांचा गट गिर्यारोहकांनी आणि त्यांच्यावरच्या पुस्तकांनी कधीचाच रूढ केला आहे. ७,३०० हा आकडा संपादकाच्या मनातला. उंची मोजता येते, पण म्हणून रेघ आपोआप वस्तुनिष्ठ होत नाही.

प्रश्न : लेखातून वर्गाची ओळ काढली, तरी लेख त्या वर्गात दिसतोच. का?

उत्तर : बहुधा तो वर्ग साच्यातून, म्हणजे अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या तयार तुकड्यातून, येतो आहे. लेखातले माहितीचौकट आणि इतर साचे उघडून वर्गाची ओळ शोधा. साचा बदलल्यावर तो वापरणारी पानं रांगेने अद्ययावत होतात, त्याला वेळ लागतो. घाई असेल तर लेख संपादनासाठी उघडून काहीही न बदलता जतन करा. वर्गाचं नाव बदलतानाही फसगत होते : वर्गाचं पान हलवलं तरी त्यातले लेख जुन्याच नावाखाली राहतात. प्रत्येक लेखातली ओळ बदलावी लागते. लेख पुष्कळ असतील तर हे काम सांगकाम्याकडे, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, द्या.