व्ही-८ बसवलेल्या जुन्या एमजीबीत प्लगच्या वायरी कशा न्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की एमजीबीत, म्हणजे एमजीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन (चार-चार सिलेंडरच्या दोन रांगांचं) बसवलंय, धूर बाहेर नेणारे पाइपचे हेडर लावलेत, आठ एमएमच्या नव्या वायरी टाकल्यात. तरी घाट चढताना गाडी मिस मारते, मध्येच ठोके देते, आणि सात नंबरच्या वायरीच्या टोकाचं, प्लगवर बसणारं रबरी बूट हेडरला लागून जळालं. जळालेलं बूट डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळा प्रश्न तुम्ही त्याच्याभोवती विचारलाय. मला त्याहून जास्त काळजी ठोक्यांची वाटते.

आधी एक बघा. क्लीनर साइडच्या, म्हणजे डावीकडच्या, चारही वायरी केबल टायने एकत्र आवळून, वेणीसारख्या टापेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) मागे नेल्यात का? तशाच असतील तर बहुतेक आजार तिथेच आहे. आमच्या साताऱ्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला बोनेट उघडलं की अशी बांधणी बघून लोक वाहवा करतात. व्ही-८ ला मात्र ती मानवत नाही.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलं तर डाव्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८. ऑर्डर पुन्हा वाचा: पाचच्या लगेच नंतर सात. आणि हे दोन सिलेंडर शेजारीशेजारी आहेत. लागोपाठ पेटणारे आणि एकमेकांना खेटून बसलेले असे हे दोनच. लागोपाठ पेटतात म्हणून डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपवरही त्यांची भोकं शेजारीशेजारी येतात. शिवाय रोव्हरचा डेल्को इंजिनाच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे या दोन वायरींना कॅपपासून जवळजवळ मागपर्यंत सोबतच प्रवास करावा लागतो. सरळ हाताने बसवल्या की त्या आपोआप चिकटूनच जातात.

पाचच्या वायरीत वीसेक हजार व्होल्टचा झटका गेला की शेजारून समांतर धावणाऱ्या सातच्या वायरीतही त्यातला थोडा उमटतो. एरवी एवढ्याशा व्होल्टेजने प्लगमध्ये ठिणगी पडली नसती. पण पाच पेटतो तेव्हा सातचा पिस्टन त्याच्यापेक्षा क्रँकच्या ९० अंशांनी मागे असतो, म्हणजे कॉम्प्रेशन नुकतंच सुरू झालेलं. सिलेंडरमध्ये ताजं मिश्रण भरलेलं आणि दाब अजून कमी. दाब कमी असला की ठिणगीला उडी मारायला कमी व्होल्टेज पुरतं. मिश्रण वेळेच्या कितीतरी आधी पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला समोरून मार बसतो. तुम्हाला ऐकू येणारा ठोका तो हाच असावा. जास्त दिवस चालला तर पिस्टन आणि बेअरिंग दोन्ही खातो.

बरेच मिस्त्री इथे फसतात. अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि निळ्या ठिणग्या दिसतात का ते बघायचं, ही जुनी पद्धत चांगली आहे, पण ती फक्त फुटलेलं इन्सुलेशन पकडते. इथे करंट गळतच नाही, त्यामुळे कोऱ्या, महागड्या वायरीसुद्धा या परीक्षेत पास होतात आणि घाटात ठोके देतात. मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घे, जेट बदल, पेट्रोलला दोष दे, असं चालू होतं. सोबत तुम्ही जास्त ताकदीची इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावली असेल तर हा त्रास वाढतो, कमी होत नाही.

खात्री करायला काही विकत आणू नका. इंजिन बंद आणि थंड असताना सगळे टाय कापा, सातची वायर बाकीच्यांपासून उचलून फॅन आणि हेडर दोन्हींपासून लांब तात्पुरती बांधा आणि तोच चढ पुन्हा चढा. आम्ही अशी गाडी वाईहून पसरणीच्या घाटाला नेतो. चढ लांब आहे, तिसऱ्या गिअरला इंजिनवर चांगला लोड येतो, तेव्हा लपलेलं काही राहत नाही. ठोके थांबले तर निदान झालं.

आता कायमची मांडणी. पाच आणि सातच्या मध्ये तीनची वायर घाला. पाच पेटतो तेव्हा तीन नंबरचं काम उरकलेलं असतं, धूर बाहेर टाकायची वेळ आलेली असते, तिथे चुकार ठिणगी पडली तरी बिघडत नाही. तिन्हींमध्ये निदान बोटभर अंतर ठेवा, इंचभर मिळालं तर उत्तम. त्यासाठी दात असलेले प्लॅस्टिकचे सेपरेटर मिळतात, तेच वापरा. पत्र्याच्या क्लिपा नकोत. पाच आणि सात कुठे एकमेकांवरून न्याव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडू द्या. समांतर नेल्या तरच त्रास होतो. डेल्कोच्या पिकअपची (ठिणगीची वेळ कळवणाऱ्या सेन्सरची) बारीक वायरही या जाड वायरींपासून दूर ठेवा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉड्यूलला खोटे सिग्नल मिळतात.

बूट जळण्याचं कारण सरळ आहे. या इंजिनाचे प्लग बाहेरच्या अंगाला, हेडरच्या पाइपांमध्ये आहेत. वायर प्लगवरून आधी वर टापेट कव्हरकडे न्या आणि मगच वळवा, खाली झोळ पडू देऊ नका. सिलिकॉनची वायर साधारण दोनशे अंशांपर्यंत तग धरते, पण चढावर तापलेला हेडर त्याच्या दुपटीच्याही वर जातो. बुटांवर फायबरग्लासच्या स्लीव्ह चढवा. वायर अगदी मापात ताणून कापू नका. रेस दिल्यावर इंजिन माउंटिंगवर हलतं, तेवढी ढील हवीच. नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायरी टाळा, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला त्यांचा उपद्रव होतो.

हेडर बदलायची तयारी असेल तर मडगार्डच्या आतल्या भिंतीतून बाहेर पडणारे घ्या. एमजीच्या १९९३ ते १९९५ च्या आरव्ही-८ मध्ये तशीच रचना होती, प्लगजवळ बरीच मोकळी जागा मिळते. मात्र भिंत कापावी लागेल, आणि जुन्या एमजीबीला करवत लावायला माझा तरी हात धजत नाही.

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला जाणार असाल तर कॅपच्या आतली ओल पुसा आणि बुटांमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर उंदरांकडेही लक्ष ठेवा, ते वायरी कुरतडतात.

वायरी नव्याने लावल्यावर टायमिंग लाइटने पुन्हा तपासा. ठोके लपवायला कुणी ते मागे घेतलेलं असेल तर आता मूळ जागी आणावं लागेल. तोवर कार्बोरेटरला हात लावू नका.