लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा बाबांना द्यायचा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांना पार्किन्सन आहे, हात थरथरतो, आणि शेजारच्यांनी लक्ष्मणफळाची सुकी पानं आणून दिलीयत, रोज काढा घेतला की मेंदू शाबूत राहतो म्हणून. कळकळीने सांगते, नका देऊ.

माझ्या इंदूरच्या अंगणात हे झाड बारा वर्षांपासून आहे, थंडीचा कडाका पडला की पानं काळी पडतात म्हणून दर डिसेंबरात मी त्याला गोणपाट गुंडाळते, इतका जीव आहे. मऊ काट्यांचं हिरवं फळ, पिकलं की अंगठा लावला तरी दबतं, आत कापसासारखा पांढरा आंबटगोड गर. घरचं फळ आम्ही सगळे आवडीने खातो, कधीमधी खाल्लं तर काही नाही. पण रोजचा काढा हे प्रकरण वेगळं.

पानांच्या अर्काने लॅबमधे उंदरांची शुगर उतरली, त्यात अँटिऑक्सिडंट सापडले, हे खरंय, आणि मेंदूला चांगलं हे तिथूनच व्हॉट्सॲपवर फिरत आलंय. पण त्याच झाडात ॲनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते पेशीत एनर्जी तयार होते तिथेच अडथळा आणतं, आणि मेंदूला तर एनर्जी सतत लागते. कॅरिबियनमधलं ग्वादलूप बेट आहे ना, तिथे पार्किन्सनसारख्या आजाराचे बरेच पेशंट असे निघाले की लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधाने त्यांना फारसा फरक पडत नव्हता, आणि यातले बरेच जण हे फळ आणि पानांचा काढा नेमाने घेणारे होते, 1999 मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय हे. झाडामुळेच झालं हे पक्कं सिद्ध नाहीये, पण उंदरांच्या शिरेतून ॲनोनासिन दिलं तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या, मग ज्याला आधीच हा आजार आहे त्याच्यावर कशाला प्रयोग करायचा?

आपल्याकडे सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावायचे ना, ते याच कुळातलं. माझी आजी लावताना आधी आमच्या डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायची, थेंब गेला तर डोळा जाईल म्हणायची. तिला या कुळाची ताकद माहीत होती.

बाबांना बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर अजूनच जपा, काढ्याने दोन्ही जास्त उतरू शकतं. आणि काढ्याच्या भरवशावर पार्किन्सनची गोळी एक दिवससुद्धा बंद करू नका, ती अचानक थांबवणं फार धोक्याचं असतं. काढा आधीच सुरू केला असेल तर पुढच्या व्हिजिटला ती पुडी सोबत न्या आणि किती दिवस, किती कप दिला ते डॉक्टरांना नीट सांगा.