वाचकांचे प्रश्न : कामाच्या नियोजनाची फाईल पाठवावी कशी?

प्रश्न : उदगीर तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही गोदाम आणि डाळ मिल उभारत आहोत. कामाचे वेळापत्रक मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये तयार करतो आणि पुण्याचे सल्लागार, छत्रपती संभाजीनगरचे वीजकामाचे ठेकेदार, लातूरची बँक आणि कंपनीचे संचालक अशा चौघांना दर सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. निम्म्यांकडे फाईल उघडतच नाही. ज्यांच्याकडे उघडते ते तीत बदल करून परत पाठवतात. आता एकाच कामाच्या पाच फाईली झाल्या असून खरी कोणती, हे मलाच कळेनासे झाले आहे. सर्वांसाठी प्रोजेक्ट विकत घेणे परवडणारे नाही. काय करावे?
— साईट इंजिनिअर, उदगीर

उत्तर : फाईल न उघडणे ही आपल्या अडचणींपैकी सोपी अडचण आहे, पाच फाईली होणे ही खरी. आपली फाईल ‘एमपीपी’ प्रकारची असते; ही प्रोजेक्टची स्वतःची रचना आहे आणि ती वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडत नाही. ऑफिस विकत घेतले म्हणजे त्यात प्रोजेक्टही आले असेल, अशी अनेकांची समजूत असते, परंतु ते वेगळे घ्यावे लागते. त्यामुळे संचालकांच्या संगणकावर आपली फाईल उघडत नसेल, तर त्यात त्यांचा काही दोष नाही.

चौघांना एकच फाईल कशासाठी हवी, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. बँकेला आणि संचालकांना तारखा पाहायच्या आहेत, बदलायच्या नाहीत. त्यांना पीडीएफ पुरते. प्रोजेक्ट २०१० पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांतून थेट पीडीएफ काढता येते. ती काढताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. डावीकडच्या तक्त्यातील जो रकाना गँट चार्टखाली (कामांचा कालावधी आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या उजवीकडच्या आलेखाखाली) अर्धा झाकला गेला असेल, तो सहसा छपाईत येत नाही. म्हणून मधली उभी रेघ ओढून हवे ते रकाने पूर्ण उघडे करावेत. दुसरे म्हणजे, संपूर्ण प्रकल्प एका पानावर बसवण्याचा मोह टाळावा. तीनशे ओळींचा चार्ट मोबाईलवर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. तारखांचे फिल्टर लावून पुढच्या तीन आठवड्यांचीच कामे पाठवली, तर संचालक ती खरोखर वाचतील.

वीजकामाच्या ठेकेदारांना त्यांच्या स्वतःच्या कामांची यादी एक्सेलमध्ये द्यावी आणि तीत प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष समाप्ती व उरलेले दिवस असे तीन रिकामे रकाने ठेवावेत. त्यांनी ते भरून पाठवावेत आणि मूळ फाईलमध्ये आपण स्वतः नोंद करावी. या यादीत ‘युनिक आयडी’ हा रकाना अवश्य असू द्यावा. मध्ये एखादे नवे काम घातले की ओळीचा क्रमांक बदलतो, युनिक आयडी मात्र बदलत नाही; त्यामुळे ‘बेचाळीसावे काम झाले’ असा निरोप आल्यावर नेमके कोणते बेचाळीसावे, हे शोधत बसावे लागत नाही.

मूळ फाईलची खरी गरज फक्त सल्लागारांना आहे. त्यांच्याकडे प्रोजेक्ट २००७ असेल, तर ‘सेव्ह अ‍ॅज’मधून त्या जुन्या प्रकारात जतन करून द्यावी. प्रोजेक्ट मुळीच नसेल, तर प्रोजेक्टलिब्रे किंवा गँटप्रोजेक्ट या मोफत प्रणालींमध्ये एमपीपी वाचता येते. मात्र प्रोजेक्टलिब्रेतून परत एमपीपी लिहिता येत नाही, एक्सएमएल या वेगळ्या प्रकारची फाईल काढावी लागते, आणि या ये-जा मध्ये एखादी तारीख इकडची तिकडे होऊ शकते. फाईल परत आली की प्रकल्पाची अंतिम तारीख आणि एकूण कामांची संख्या आपल्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

सुट्ट्यांचे कॅलेंडर फाईलबरोबर जाते. पण सल्लागारांनी आपली कामे उचलून स्वतःच्या फाईलमध्ये चिकटवली, तर हिशेब त्यांच्या फाईलच्या कॅलेंडरप्रमाणे होतो. आपण १७ सप्टेंबरची मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची आणि पोळ्याची सुट्टी धरलेली असते, पुण्याच्या फाईलमध्ये ते कामाचे दिवस ठरतात, आणि स्लॅब भरण्याचे काम नेमके पोळ्याच्या दिवशी येते. त्या दिवशी साईटवर किती मजूर येतात, हे आपण जाणताच.

दरांविषयी थोडे माझ्या अनुभवातले सांगतो. मजुरीचे दर लिहिलेला रकाना ‘लपवून’ मी एकदा एका उपठेकेदाराला मूळ फाईल पाठवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला आणि शेजारच्या टोळीला आपल्यापेक्षा साठ रुपये जास्त का, असे त्याने शांतपणे विचारले. लपवलेला रकाना पुसलेला नसतो, दोन क्लिकमध्ये तो परत दिसतो. बाहेर मूळ फाईल द्यायचीच असेल, तर तिची प्रत करून रिसोर्स शीटमधील (मजूर, यंत्रे व साहित्याच्या तक्त्यातील) दर प्रत्यक्ष काढून टाकावेत.

आता पाठवण्याची वाट. प्रोजेक्टची फाईल सहसा काही एमबींचीच असते, त्यामुळे जीमेलची २५ एमबींची मर्यादा फारशी आड येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची अडचणही आकाराची नाही. तिथे प्रत्येक वेळी नवी प्रत तयार होते आणि ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवे’ अशी वंशावळ वाढत जाते. त्याऐवजी गूगल ड्राइव्हवर प्रत्येक प्रकारची एकच फाईल ठेवावी, ज्याला जी हवी तिची लिंक त्याला एकदाच द्यावी, आणि दर सोमवारी ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून त्याच फाईलची नवी आवृत्ती चढवावी, लिंक तीच राहते. जुन्या आवृत्त्या तिथे ३० दिवसांनी किंवा शंभर आवृत्त्या झाल्यावर काढल्या जाऊ शकतात, म्हणून बँकेला दाखवलेल्या आवृत्तीवर ‘कीप फॉरेव्हर’ची खूण करून ठेवावी. साईटवर नेट आहे-नाही अशी स्थिती असेल, तर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यास हरकत नाही. मूळ फाईल मात्र तिथून पाठवू नये.

आणि सध्याच्या पाच फाईलींपैकी एकही ‘खरी’ मानू नका. सर्वांत जुनी, आपल्याच हातची फाईल घ्या, चौघांना फोन करून प्रत्यक्ष झालेल्या कामांच्या तारखा विचारा आणि त्या तिच्यात भरा. एक दिवस जाईल, पण पाच फाईलींतले बदल जुळवत बसण्यापेक्षा तो कमीच आहे.

प्रश्न : कामांची नावे मी मराठीत टाईप करतो, परंतु दुसऱ्याच्या संगणकावर तिथे भलतीच इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाईल बिघडली आहे काय?
— वाचक, हिंगोली

उत्तर : फाईल बिघडलेली नाही. आपण बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप करत असावेत. अशा फाँटमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि केवळ त्यांचे रूप मराठी दाखवतो. समोरच्याकडे तो फाँट नसला की मूळ अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, टाईप केल्यास ही अडचण राहत नाही. जुनी नावे फाँट परिवर्तकातून बदलून घेता येतात, मात्र जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. यादी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) काढत असाल, तर एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत युनिकोड मराठीचीही प्रश्नचिन्हे होतात.

प्रश्न : काम सोडून गेलेल्या ठेकेदाराकडे आमच्या फाईलची लिंक अजून आहे. ती बंद करता येते का?
— वाचक, जालना

उत्तर : गूगल ड्राइव्हवर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी परवानगी दिलेली असेल, तर ती ‘रिस्ट्रिक्टेड’ करावी, त्याचा ईमेल पत्ता यादीत असल्यास तो काढावा आणि बाकीच्यांना नावानिशी प्रवेश द्यावा. त्याने आधीच उतरवून घेतलेली प्रत मात्र त्याच्याकडेच राहील, आणि तीत दर असतील तर पुढच्या निविदेच्या वेळी ते त्याला ठाऊक आहेत असे धरूनच चालावे लागेल.