रिमायंडर वाजतो, पण तोवर उशीर झालेला असतो

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे, मी आणि धाकटा भाऊ बघतो. शाळावाले, कापडवाले, पुण्याच्या मीटिंगा, आता दुबईच्या पार्टीचे व्हिडिओ कॉल, सगळं गूगल कॅलेंडरमध्ये टाकतो तरी गोंधळ. रिमायंडर येतो तेव्हा मी कटिंग टेबलाशी असतो नि पोचायचं असतं जुळे सोलापूरला. भावानं त्याच टायमाला दुसऱ्या कुणाला तरी बोलावलेलं असतं. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अहो, अर्धा तास आधीचं नोटिफिकेशन तुमच्या काय कामाचं? एका मीटिंगला दोन-तीन नोटिफिकेशन लावता येतात, एक आदल्या रात्रीचं म्हणजे सॅम्पल, रेटची फाईल काढून ठेवता येते, आणि एक निघायच्या वेळेचं, त्यात सात रस्ता चौकातली गर्दी धरूनच वेळ टाका. आणि कॅलेंडर फक्त टुंग करतं, अलार्मसारखं वाजत राहत नाही, मशिनींच्या आवाजात ते काय ऐकू येणार! पहाटे पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची असेल तर घड्याळात वेगळा अलार्म लावाच. नोटिफिकेशन येतच नसेल तर फोनचं बॅटरी सेव्हर बघा, काही फोन तिथंच ॲपचा गळा दाबतात.

भावाचं दुखणं मात्र खरं. दोघांची कॅलेंडरं वेगळी असतील तर त्याला कळणार कसं तुम्ही कुठं अडकलाय ते? कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडून ‘कारखाना’ नावाचं नवीन कॅलेंडर करा, सेटिंगमध्ये शेअरिंगला भावाचा जीमेल टाका नि नुसतं बघायची नाही, बदल करायची परवानगी द्या. त्याला मेल येईल, त्यातली लिंक त्यानं दाबायची. इथपर्यंत सगळे करतात हो, पुढं घोळ होतो, कारण मोबाईलवर नवीन मीटिंग टाकताना कॅलेंडर कुठलं ते निवडावं लागतं, नाहीतर ती गुपचूप तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरात जाऊन बसते आणि भाऊ म्हणतो मला काही दिसत नाही. पार्टीशी बोलताना ‘बघून सांगतो’ म्हणा, फोन ठेवायच्या आत तिथं टाका, व्हॉट्सॲपवर ‘ओके’ पाठवून नंतर टाकू म्हटलं की राहिलंच.

दुबई आपल्या दीड तास मागं आहे, त्यांचे तीन म्हणजे आपले साडेचार. डोक्यात हिशेब करत बसू नका, मीटिंगमध्येच टाइम झोन दुबईचा निवडा. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मुख्य दिवसांना आत्ताच पूर्ण दिवसाची नोंद करून ठेवा, त्या दिवशी बाहेरची पार्टी गावात बोलवूच नका.