पूल टेबलांचा चालू धंदा विकत घ्यावा का?

ताई, नमस्कार.

बारमध्ये नाणी टाकून खेळायची पूल टेबलं (बिलियर्ड्ससारख्या खेळाची) आणि ज्यूकबॉक्स, म्हणजे पैसे टाकून गाणी वाजवायची यंत्रं, ठेवणारे एक गृहस्थ डॅलसमध्ये निवृत्त होतायत आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला तुमचा मुलगा त्यांचा धंदा घ्यायचा म्हणतो. ‘बसल्या जागी उत्पन्न’ या त्याच्या शब्दांनी तुम्हाला धास्ती वाटली, ती रास्त आहे. त्याच्याकडे ग्रीन कार्ड असल्याने कायद्याची आडकाठी नाही. तो एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असता तर मी नकोच म्हटलं असतं. धंदा चांगला आहे, पण बसून होणारा नाही.

टेबलांच्या आधी बारमालकांशी झालेले करार पाहा. मुदत किती उरलीय? यंत्रांचा मालक बदलला तरी करार टिकतो का? तोंडी बोलीवरचा बार उद्या टेबल उचलायला सांगेल. त्याची किंमत शून्य धरा. गल्ला बहुधा निम्मानिम्मा वाटतात. वर्षभराच्या पावत्या मागून यंत्रातल्या नाणी मोजणाऱ्या मीटरशी ताडून बघा. टेक्सासात कम्प्ट्रोलरचा (राज्याच्या कर खात्याचा) परवाना आणि प्रत्येक यंत्रावर कराचं स्टिकर लागतं, तेही तपासा.

खरं काम टेबलाच्या पोटात असतं. पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या भोकात, गेलेले बॉल पुन्हा नाणी टाकेपर्यंत आत अडकतात, फक्त क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) परत येतो. काही जुन्या टेबलांत तो 2 3/8 इंचांचा आणि बाकीचे 2 1/4 इंचांचे असतात. आकारावरून वाट वेगळी होते. तो झिजला की बाकीच्यांसोबत आत जातो, पैसे भरलेला खेळ थांबतो आणि शनिवारी रात्री फोन येतो. काही टेबलांत क्यू बॉल चुंबकाने वेगळा होतो, त्यात कुणी साधा पांढरा बॉल आणून ठेवला तरी हेच होतं. नाण्यांची सरकपट्टी अडकते ती वाकड्या नाण्याने किंवा सांडलेल्या बिअरने. काही जण बॉल आत पडू नयेत म्हणून पॉकेटमध्ये फडकी कोंबून फुकट खेळतात. गर्दीच्या बारमध्ये कापड वर्षातून एकदा तरी बदलावं लागतं. कडेचं रबर कडक झालं तर बॉल मेल्यासारखा परततो आणि लीग खेळणारे दुसरा बार शोधतात.

ज्यूकबॉक्स आता डिजिटल. गाणी पुरवणारी कंपनी आपला हिस्सा कापते. मुलाकडे राहतात अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि बारचं इंटरनेट. त्याचं शिक्षण इथे कामी येईल.

आधी दोन-तीन महिने त्याने त्या गृहस्थांबरोबर गल्ला मोजायला आणि दुरुस्तीला जावं, एका टेबलाचं कापड स्वतः ताणून बसवावं. तरीही घ्यायचं ठरलं, तर पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. एक भाग राखून ठेवा आणि बारमालकांच्या नव्या करारांवर सह्या झाल्यावरच तो द्या.