दाढेवर त्याच दिवशी बसणारी कॅप घ्यावी, की आठ दिवसांनी मिळणारी नेहमीची?

आपल्या खालच्या दाढेचे रूट कॅनल झाले आहे आणि डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवले आहेत: दवाखान्यातच यंत्रावर कोरून त्याच दिवशी बसवायची कॅप, किंवा माप घेऊन लॅबकडून करून आणायची कॅप. शेवटी आपण असेही विचारले आहे की, यंत्रापेक्षा हाताचे काम जास्त टिकते का? मी एकोणतीस वर्षे लॅबमध्ये हेच हाताचे काम करत आलो आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात आम्हाला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटले आहे. रुग्णांकडे आमच्यासाठी शब्दच नाही, कारण आम्ही त्यांना कधी दिसत नाही. त्यामुळे मी यंत्राच्या विरोधात लिहीन असे आपल्याला वाटेल. तसे होणार नाही, पण का, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

कॅप हातची असो वा यंत्राची, तिचे आयुष्य तिची कड जिथे दाताला टेकते त्या रेषेवर ठरते. आम्ही तिला मार्जिन म्हणतो. १९७१ मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी कड आणि दात यांमध्ये १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानली, आणि आजही तोच आकडा सांगितला जातो. म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. फट त्याहून वाढली की सिमेंट झिजते, अन्न अडकते, हिरडी सुजते आणि कॅपखाली दात किडू लागतो. ही रेषा मी तोंडात कधीच पाहत नाही. डॉक्टरांनी घेतलेल्या मापात डाय स्टोन, म्हणजे दगडासारखे घट्ट होणारे प्लास्टर, ओतायचा, तयार साच्यातला त्या दाताचा तुकडा करवतीने वेगळा करायचा, भिंगाखाली कडेची रेषा लाल पेन्सिलने आखायची आणि त्या रेषेपर्यंत मेण चढवायचे, एवढेच माझ्या हातात असते. मेणाचे धातूत रूपांतर, त्यावर पोर्सिलेनचे थर, भट्टीतले तीन-चार फेरे हे सगळे नंतरचे. मापातच रेषा पुसट असेल, तर पुढचे सगळे कौशल्य पुसट रेषेवर उभे राहते.

२००९ च्या सुमारास एका डॉक्टरांकडून एका निवृत्त शिक्षिकेच्या खालच्या दाढेचे माप आले. गालाकडची बाजू स्वच्छ होती, पण जिभेकडच्या बाजूला लाळ किंवा रक्त आल्यामुळे मटेरियल ओढले गेले होते आणि जवळजवळ चार मिलिमीटरपर्यंत रेषा नव्हतीच. मी फोन केला. ते म्हणाले, “तुम्हाला एवढा अनुभव आहे, अंदाजाने घ्या.” मी अंदाजाने घेतली, हीच माझी चूक. कॅप ‘रिपीट’ म्हणून परत आली. त्याच मापावर दुसऱ्यांदा केली, तीही परत आली. तिसऱ्या वेळी, नवीन माप मागायचे ठरवून, मी स्वतः डबा घेऊन दवाखान्यात गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धवट उघडे होते. आतून आवाज आला, “काय करणार मॅडम, हल्ली लॅबवाले लक्षच देत नाहीत.” त्या बाई बाहेर आल्या, गालाला रुमाल लावून माझ्याशेजारी टेकल्या आणि सहानुभूतीने विचारू लागल्या, “तुमचीही कॅपच का?” मी नाही म्हणालो आणि मांडीवरचा डबा खाली ठेवला. डब्यावर माझ्या लॅबचे नाव होते.

त्या डॉक्टरांचे काम मी त्यानंतरही करत राहिलो, कारण महिन्याचे बिल मोठे होते. पुढे त्यांनी यंत्र घेतले: तोंडात स्कॅनर फिरवून दाताचे माप थेट पडद्यावर घ्यायचे आणि ठोकळ्यातून कॅप कोरायची. हे तंत्र काही काल-परवाचे नाही. झ्युरिक विद्यापीठात मोर्मान आणि ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ मध्येच रुग्णाला खुर्चीत बसवून ठेवून यंत्रावर कोरलेले पहिले इन्ले, म्हणजे दाताच्या खड्ड्यात बसवायचे तयार भरण, बसवले होते. आपल्याकडच्या दवाखान्यांत ते यायला बराच काळ गेला, एवढेच. यंत्र आले तेव्हा डॉक्टर चार लोकांत मला म्हणाले, “आता लॅबची कटकट संपली.” मी हसलो. तेव्हा दुसरे काय करणार?

काही महिन्यांनी त्यांच्याकडून एका अवघड ब्रिजची, म्हणजे पडलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोड-कॅपांची, स्कॅन केलेली फाइल आली, कारण ते काम त्यांच्या यंत्रावर होण्यासारखे नव्हते. फाइल उघडून दात स्क्रीनभर मोठा केला, तर पुन्हा जिभेकडचीच बाजू आणि पुन्हा पुसट रेषा. मी फोन केला. ते नेहमीचे वाक्य बोलायच्या बेतात होते, पण तेच चित्र त्यांच्याही समोर तेवढ्याच आकारात उघडलेले होते. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. रुग्ण अजून खुर्चीतच होता. पंधरा मिनिटांत नवीन स्कॅन आले आणि तो ब्रिज पहिल्या फेरीत बसला. इतकी वर्षे माप खराब की लॅब खराब, हा वाद दगडी साच्यावर सुटत नव्हता, कारण साचा माझ्या टेबलावर आणि दात त्यांच्या खुर्चीत. यंत्राने दोन्ही गोष्टी एका पडद्यावर आणल्या.

म्हणून दाढेसाठी त्याच दिवशीची कॅप खुशाल घ्या. तिचा खरा फायदा वाचलेली दुसरी भेट किंवा टळलेली तात्पुरती कॅप हा नाही. माप बिघडले असेल तर ते तुम्ही खुर्चीत असतानाच दिसते आणि तिथेच सुधारता येते, हा आहे. डॉक्टरांना स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि कडेची रेषा सगळीकडून दाखवायला सांगा. दाखवायला का-कू केली, तर यंत्र कितीही महाग असो, मला शंका येईल. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचा जांभळट ठोकळा असेल, तर कोरून झाल्यावर तो साधारण ८५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजावा लागतो. त्यानंतरच त्याला दाताचा रंग आणि पूर्ण ताकद येते. तेवढी वीस-पंचवीस मिनिटे घाई करू नका. झिर्कोनिया हे दुसरे सिरॅमिक म्हणाले, तर भट्टी कोणती आहे ते विचारा. तो आकाराने वीस-पंचवीस टक्के मोठा कोरतात आणि भाजताना आकसवतात, आणि नेहमीच्या भट्टीत या कामाला कित्येक तास लागतात.

पुढचा, पटाशीचा एकच दात असता तर मी उलट सांगितले असते. एकाच ठोकळ्यातून कोरलेला दात शेजारच्या जिवंत दातापुढे सपाट दिसतो. शेड गाइडवर सोळा रंग असतात, पण खऱ्या दातात मुळाशी एक, मधे दुसरा आणि टोकाला जवळजवळ पारदर्शक अशा छटा असतात. तिथे लॅबवाल्याला दवाखान्यात बोलावून खिडकीच्या उजेडात शेजारचा दात दाखवावा. अशा कामासाठी मी अजूनही पदरच्या पैशाने जातो. टिकाऊपणाबद्दल सांगायचे, तर नीट माप आणि कॅपसाठी डॉक्टरांनी नीट घासून तयार केलेला दात असेल, तर दोन्ही पद्धतींच्या कॅपा वर्षानुवर्षे चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

आता काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही आणि आपला दात मी पाहिलेला नाही. दात हिरडीच्या बराच खाली किडलेला असेल आणि रक्त थांबत नसेल, तर स्कॅनरलाही रेषा दिसत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर ती आधी सांगा, कारण त्यावर मटेरियल बदलते. आणि दोन भेटींचीच कॅप घ्यायचे ठरले, तर मधल्या आठवड्यात तात्पुरती कॅप सुटली म्हणून ती खिशात ठेवून दिवस काढू नका. शेजारचे आणि समोरचे दात जागा सोडतात, मग नवीन कॅप बसत नाही, आणि त्याचाही दोष लॅबलाच दिला जातो.